भाडेकरूचं सामान

आमच्या घरात जे उरायचं ते वहिनी खायच्या. श्रावणात आमच्या खानदेशी देवीचे, कानबाईचे, रोट व्हायचे. ते घराबाहेर द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. आम्ही दोघे भाऊ दुसऱ्याच दिवशी कंटाळायचो. मी माझा रोट गुपचूप वहिनींच्या ताटात सरकवायचो आणि वर चारचौघांत म्हणायचो, "आमच्या वहिनी म्हणजे कोठी!" सगळ्यांत मोठ्याने त्याच हसायच्या. त्यांचं वजन एकशेदहा किलोवर गेलं. त्यात माझा वाटा किती, हा विचार मला फार उशिरा सुचला.

कमलवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आल्या आणि पंचवीस वर्षं लिंबायतच्या आमच्या दोन खोल्यांत राहिल्या. आमच्याशी अहिराणीखेरीज बोलत नसत. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. गल्लीत लोक बघतात म्हणून त्या गच्चीवर चालू लागल्या, पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत आणि परत. "घानाना बैल बी इतला फिरत नही," म्हणायच्या आणि फिरायच्या. उरलेलं खाणंही बंद केलं. "आते तुमनं तुम्ही खा." दोन वर्षांत पंचेचाळीस किलो उतरले.

आम्ही कौतुक केलं आणि विषय संपला असं समजलो. पण कातडी काही आटली नव्हती. पोटाची झोळी मांडीपर्यंत लोंबायची, उन्हाळ्यात घामाने तिच्याखाली चट्टे उठायचे. मध्ये मलमलची घडी ठेवून त्या स्वयंपाक करायच्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊजी, भाडेकरी गया, पन त्यानं सामान आठेच पडेल शे." सैल कातडी काढायचं ऑपरेशन असतं, हे त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं.

भाऊ म्हणाला, "पन्नाशीत काय नवरी व्हायचंय तुला?"

"एकदाव व्हयनू ना तुमनी, तेच बस शे!"

भाऊ हसला खरा, पण अडून राहिला. शेवटी मला म्हणाला, "तू घेऊन जा हिला. डॉक्टर म्हणेल तसं करू." त्याला लूमवरून सुट्टी नव्हती. मी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये सुपरवायझर, घरात गुजराती येणारा मी एकटाच, असा सगळ्यांचा समज.

डॉक्टरांनी तपासलं. साखर ताब्यात आहे, वजन वर्षभर वाढलेलं नाही, ऑपरेशन करता येईल, असं गुजरातीत मला सांगितलं. मग विचारलं, "बेनला विचारा, चट्ट्यांचा त्रास म्हणून करायचंय, की दिसण्यासाठीही?"

मला सुरीची भीती वाटली, हे खरं. पण त्याहून जास्त गल्लीची वाटली. लोक म्हणतील, यांची बाई शोभेसाठी पोट कापून घेते. मी वहिनींकडे वळून म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, या वयात गरज नाही. पावडर लावा."

पोर खोटं बोलताना आई बघते, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, बन्ने माटे." दोन्हींसाठी. आणि पुढे सरळ अस्खलित गुजरातीत सुरू झाल्या. चट्टे उठतात हे खरं, पण मला बरं दिसायचंही आहे. दोन वर्षं चालले मी, तरी आरशात तीच जुनी बाई ओघळते. "आमां शरम शानी?"

लाज कसली, असं त्या विचारत होत्या. माझे कान तापले. डॉक्टर मला म्हणाले, "भाई, तमे बहार बेसो."

रिक्षात मी कसाबसा बोललो, "वहिनी, तुम्हाला गुजराती येतं, कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कव्हय इचारं?" त्या म्हणाल्या, आणि घरापर्यंत मधूनमधून हसत राहिल्या.

घरी भावाने मलाच विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" वहिनींना स्वतः सांगता आलं असतं. त्या पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. मी सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. भाऊ म्हणाला, "तारीख घेऊन ये."

आतून आवाज आला, "आनि सव्वा महिना पानी भरनं नही, भांडा घासना नही, ते राह्यनं, भाऊजी!"

डॉक्टर असं म्हणाले होते का? मी तर बाहेर बसलो होतो. तरी म्हणालो, "हो, तसंच म्हणाले."

ऑपरेशन नीट पार पडलं. तो सव्वा महिना मी रात्रपाळी मागून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच दिवसाचं आमचं घर पाहिलं. दुपारी साड्यांना टिकल्या लावायचं काम घेऊन गुजराती बायका दारात येऊन बसायच्या. वहिनी पोटाला पट्टा बांधून खाटेवरून त्यांना काहीबाही सांगायच्या आणि स्वतःच ओरडायच्या, हसवू नका गं, टाके दुखतात! मी मोरीत भांडी घासत असायचो. एकदा 'दियर' असा शब्द कानावर आला, आणि पाठोपाठ बायकांचा मोठा हशा. दीर मी एकटाच, म्हणजे गोष्ट माझीच चालली होती. मी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.