दोन ट्रक, दोन पट्ट्या

माझ्या बाबांना चोर ठरवले. गेल्या दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेआठला, डिचोलीतल्या ट्रकांच्या आवारात, आठ माणसांसमोर. इतके नेमके लिहितो, कारण तेव्हा जे हसले ते आता "हे कधी झाले?" असे विचारतात.

बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. बावीस वर्षे एकाच शेटचा एकच जुना ट्रक चालवतात. आधी खाणीवर, आता चिरे भरून मोरजी-हरमलच्या बांधकामांवर. त्या सकाळी शेटने डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले ऑईल बघायची पोलादी पट्टी, ओढून काढली. ऑईल खालच्या खुणेलाही नव्हते. तीन आठवड्यांत चौथ्यांदा.

"ऑईल पिता कोण, ट्रक काय तू?" शेट म्हणाला. "बाजूचो ट्रक बघ, थेंब खाणा नाय. तुजोच कसो खाता? खंय विकतस, पेडण्याक?"

आठही जण हसले. बाबांनी चावी बोनेटवर ठेवली आणि चालत घरी आले.

मी पत्रके काढणारा माणूस. दुपारपर्यंत पत्रक तयार: 'घामाला चोरी म्हणणाऱ्या मालकशाहीचा धिक्कार असो!' तीनशे प्रती. बाबांनी एक प्रत चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

"ह्यात ऑईल खंय गेला ता खंय लिवलस?"

मी प्रत उलटसुलट करून पाहिली.

"मग मेस्ताक बोलाव."

मेस्त म्हणजे सर्वणचा म्हातारा फिटर. शेटची सगळी इंजिने त्याच्याच हाताखालून गेलेली, म्हणून शेटला त्याला आवारात नाही म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी तो आला, माझ्या हातातला गठ्ठा बघून म्हणाला, "पुढारी, तुजा पत्रक इंजिनाक वाचूक येता? नाय ना? मग बाजूक हो."

तो आधी इंजिनाखाली वाकला. हवा बाहेर पडायची नळी असते, तिच्या तोंडाशी ऑईलचा जाड थर साचला होता. त्याने तो बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळला. मग इंजिन गरम करून सगळे ऑईल बादलीत सोडले, नवा फिल्टर बसवला आणि मापाच्या डब्याने नवे ऑईल ओतले. चौदा लिटर, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले तेवढेच. इंजिन पाच मिनिटे चालवले, बंद केले आणि विडी पेटवून बसला.

"आता काय?" शेट.

"आता थांबायचा. ऑईल खाली उतराक वेळ लागता. तुका नसात, त्याका आसा."

आम्ही थांबलो. मग त्याने पट्टी पुसली, आत घातली, काढली. फक्त टोक ओले. शेटच्या डोळ्यांसमोर चौदा लिटर ओतलेले, आणि पट्टी म्हणत होती की इंजिन जवळजवळ रिकामे!

मेस्त उठला, बाजूच्या ट्रकची पट्टी काढून आणली आणि दोन्ही शेजारी धरल्या. मूठ तीच, जाडी तीच. पण बाजूच्या ट्रकमधली दोन बोटांनी लांब. बाबांच्या ट्रकचे इंजिन जुने, खोल तळाचे. त्याला लांब पट्टी हवी. मेस्ताने ती घातली, काढली आणि उन्हात आडवी धरली.

ऑईल वरच्या खुणेवर. केसाइतकेही वर नाही की खाली नाही.

तोवर मी देवळातही कधी असा उभा राहिलो नव्हतो. न दिसणाऱ्या पोटातले माप, पोलादावरच्या एका सोनेरी रेषेत. बाबांनी टोपी काढली होती.

"आखूड पट्टी ऑईलापर्यंत पोचणा नाय," मेस्त म्हणाला. "म्हणून तुमी भरत गेलात. जास्तीचा नळयेतसून भायर उडाला. हो बघा चोर." त्याने आखूड पट्टी वर धरली. मग बाजूच्या ट्रककडे मान वळवली. "आणि तो थेंब न खाणारो? लांब पट्टेर भरलेलो दिसता. आत सुको. आणखी आठ दीस, आणि इंजिन जाम."

शेट ट्रकच्या पायरीवर बसला.

"पण पट्टयो बदलल्यो कोणी?" त्याने विचारले.

दसऱ्याला आवारात हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, जॅक यांच्यासोबत दोन्ही ट्रकच्या पट्ट्याही मीच घासून केळीच्या पानावर मांडल्या होत्या. हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि परत घातल्या होत्या त्याही मीच.

"मी," मी म्हणालो.

मेस्ताने माझ्या गठ्ठ्यातले एक पत्रक ओढून घेतले आणि त्याने हात पुसले. "आता उपयोगाक इला."

त्याच संध्याकाळी बाबांना चावी मिळाली. शेटचा माणूस घरी आणून देऊन गेला. 'चोर' हा शब्द मात्र अजून आवारातच पडून आहे. बाबा म्हणतात सोड. मी सोडणार नाही. माझी चूक मी ह्या पानावर कबूल केली, धिक्काराची तीनशे पत्रके जाळली.

आता तुमची पाळी. तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर उद्या सकाळी तिची पट्टी काढा आणि मुठीवर गाडीचा नंबर कोरा. आणि त्या सोमवारी हसणाऱ्या आठांपैकी तुम्ही एक असाल, तर शेटला घेऊन त्याच आवारात, पावणेआठला, सगळ्यांच्या देखत या. बाबा तिथेच असतात, पट्टी पुसत. त्यांच्यासमोर तो शब्द परत घ्या.