सहावं बोट

मालेगावच्या बाजारात एक बाई हाडं बसवायची. डोळे मिटून माणूस चाचपायची आणि "हं, हं" करत मान हलवायची, जशी काही हाडंच तिच्याशी बोलत आहेत. बाजारात सहज भेटली तरी बोलता बोलता आपलं मनगट दाबून बघायची.

माझा पहिला मुलगा हाताला सहा बोटं घेऊन आला, तेव्हा तिलाच बोलावलं. सासूबाईंचा निकाल आधीच लागला होता, "सुनेनं ग्रहणात काहीतरी चिरलं असंन!" आणि मी एवढी शहाणी, की कोणी विचारायच्या आत सांगून मोकळी झाले, "व्हय, कैरी चिरली. तिखट-मीठ लावून खाल्लीबी." झालं! मला माहेरी धाडायची गाडी ठरली. मी कोपऱ्यात मुसमुसत बसले.

बाईनं बाळाचं बोट चाचपलं. मग एकाएकी सासूबाईंचा हात ओढून करंगळीच्या कडेला अंगठा दाबला.

"हं. इथलं बोट केसानं बांधून पाडलं का वं तुह्या मायनं?"

सासूबाईंनी हात पदराखाली ओढला. मग हळूच म्हणाल्या, "व्हय. लहानपणी."

"अन् लेकाचं तू पाडलं, बाजारात त्याचा हात चाचपला म्या. कायले लपवतं? हे रगतातून येते, बाई. कैरीतून नाही येत."

मी पदरात तोंड घालून हसले. बाईनं घोड्याचा केस काढला. "बांधू याचंबी?"

सासूबाईंनी बाळ छातीशी ओढलं. "हात नको लावू! माह्यावर गेला तो."

बाई डोळे उघडून खदखदून हसली.