कपाटाच्या दारावरचं पथ्य

आमच्या बालाघाटच्या घरी स्वयंपाकघरात, भिंतीत बसवलेलं एक लाकडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आईनं निळ्या पेनानं एक यादी लिहून ठेवली होती. वर कोचई म्हणजे अळूचे कंद, खाली वांगं, मग दही, भेदरं म्हणजे टमाटे, जांब म्हणजे पेरू, मसुराची डाळ, अंडं. ही सगळी माझी पथ्यं. एखादी पाहुणी डबा काढायला कपाट उघडायची आणि विचारायची, "कोन बिमार हाय वो घरात?" मी तिथेच उभी असायची, चांगली धडधाकट, फक्त कोपरापर्यंत गेरू फासलेली.

गेरू यासाठी की माझ्या अंगावर गांधी उठायच्या. लाल, फुगीर, खाजऱ्या. पहिली गांधी बहुधा डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला यायची, तिथून वर चढायची, आणि दिवस वाईट असला तर मागोमाग छातीतून शिट्टी वाजायला लागायची. डॉक्टर गोळी द्यायचे, गोळीनं उतारही पडायचा. पण हे कशानं होतं ते शोधून काढायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं होतं, आणि तिनं एकदा काम घेतलं की त्यात दुसऱ्या कोणाला बोट घालू देत नसे. मी पहिला घास घेतला की ती आपला घास हातात धरून माझ्या मनगटाकडे बघत बसायची. अजूनही कोणी माझ्या हाताकडे जरा जास्त वेळ बघितलं की मी आपोआप मनगट उलटं करून दाखवते.

गांधी उठल्या की गेरू उगाळून फासायचा आणि घोंगडी पांघरून बसवायचं, हा तिचा पहिला उपाय. तशीच शाळेत गेले की मुली विचारायच्या, "क्यों, आज पुताई हुई क्या?" मला राग यायचा. तो राग मी घरी येऊन आईवर काढायची, कारण दुसऱ्या कोणावर काढायची हिंमत नव्हती.

यादी वाढवण्यात मोहल्ल्याचा हातभार मोठा होता. एक काकू म्हणाल्या, कोचई खाजवते. आता कोचई सगळ्यांचाच घसा खाजवते, पण नाव लिहिलं गेलं. दुसऱ्या म्हणाल्या वांगं वातूळ, तिसऱ्यांना दह्यावर संशय. शेवटचा निकाल मात्र आईचा, आणि तो लागायचा नारबोदीच्या दिवशी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नारबोद निघते. लाकडाच्या सांगाड्यावर गवत आणि जुने कपडे चढवून केलेली ती मोठी बाहुली वस्तीतून मिरवत बाहेर नेतात आणि जाळतात. लोक दारादारातून ओरडतात, "रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद!" वर्षभराची दुखणी, माशा, डास, सगळं तिच्यासोबत रवाना करायचं. आईनं त्यात स्वतःची एक भर घातली होती. वर्षभरात ज्या जिनसावर तिचा संशय बसला असेल, तो थोडासा चिंधीत बांधून ती नारबोदीवर टाकायची. मग घरी येऊन हातपाय धुवायचे आणि कपाटाच्या दारावर नाव लिहायचं. म्हणजे दर पोळ्याला एक जिन्नस आमच्या घरातून कायमचा जायचा. दह्याच्या वर्षी चिंधी गळत होती आणि रस्ताभर थेंब पडले. मोहल्ल्यातली कुत्री आईच्या मागे, आणि आई मोठ्या गंभीरपणे नारबोदीच्या मागे. ते आठवलं की मला आजही हसू आवरत नाही.

घरातून जायचा म्हणजे सगळ्यांच्याच ताटातून जायचा. मला नको ते इतरांनी खायचं, हे तिला पटतच नसे. "पोरगी पाहात राहील न आपन खायचं? माह्या घरी असं नाई होत," असं म्हणून तिनं विषय संपवला होता. बाबा मलाजखंडच्या खाणीवर नोकरीला होते, शनिवारी घरी यायचे. आईच्या हातची भरली वांगी हा त्यांचा जीव की प्राण, आणि आईचाही. वांग्याचं नाव दारावर चढलं त्या शनिवारी बाबांनी कपाट उघडलं, यादी वाचली, दार लावलं आणि मुगाच्या डाळीशी भात कालवला. मात्र पुढे एकदा बसस्टँडवर सोडायला गेले तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "तिकडं मेसमध्ये बुधवारी वांगं राह्यते. आईले सांगू नको." मी नाही सांगितलं.

एवढी झडती घेणाऱ्या आईनं एका वस्तूवर कधी संशय घेतला नाही. ती म्हणजे जवस.

आईचं माहेर किरनापूरच्या बाजूला. धान निघालं की मामा त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जवस घ्यायचा, आणि होळीनंतर जवसाचं एक पोतं आमच्याकडे यायचं. आई ते पोतं असं उतरवून घ्यायची, जणू घरी कोणी पाहुणाच आलाय. जवस भाजून, लसूण आणि लाल मिरची घालून केलेली चटणी आमच्या ताटात जवळजवळ रोज असायची. भाजताना तो तडतडायचा, आणि त्या वासानं मी अभ्यास सोडून चुलीजवळ जाऊन बसायची. आजही कोणाच्या घरी जवस भाजत असले की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि पाय मात्र मागे सरतात. जवस उष्ण, छातीला चांगला, असं आईचं ठाम मत. त्यामुळे माझी छाती वाजायला लागली की ती जवस वाटून, गरम करून त्याचं पोटीस छातीवर बांधायची आणि ताटात चटणीचा एक चमचा जास्त वाढायची. दुखणं वाढलं की जवस वाढायचा, आणि जवस वाढला की दुखणं. आम्ही दोघी त्या फेऱ्यात दहा-बारा वर्षं फिरलो.

मला ते कळलं नागपूरच्या होस्टेलात. तिथे पथ्य कोण विचारतो? पहिल्याच आठवड्यात मी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि मनगटाकडे बघत बसले. काही नाही. मग दही, मग अंडं, मग टमाटे. काहीच नाही. चार महिने एक गांधी उठली नाही. दिवाळीला घरी आले, आईनं पहिल्या जेवणाला जवसाची चटणी वाढली, आणि ताट उचलायच्या आत मनगट लाल झालं. सुट्टी संपल्यावर मी नागपूरच्या एका डॉक्टरकडे तपासणी करून घेतली. त्यांनी तेच सांगितलं आणि जवसाला आयुष्यभर शिवू नका म्हणून बजावलं.

आईला सांगायचं कसं? तिनं माझ्यासाठी अर्धं स्वयंपाकघर नारबोदीला दिलं होतं, आणि जे द्यायला हवं होतं तेच ती माझ्या छातीवर बांधत होती. हे ऐकून ती कोसळेल असं मला वाटलं. म्हणून मी खोटं बोलले. पुढच्या सुट्टीत चटणी बाजूला सारली.

"काहून वो? चटनी नाई घेतली?"

"आता मले नाई आवडत."

"शहरात राहून तोंड बदललं वाटते तुजं," आई एवढंच म्हणाली. त्या वर्षी होळीनंतर मामा पोतं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला परतीच्या वाटेवर म्हटलेलं मी ऐकलं, "आता थोडाच आनत जाय रे. पोरीले आपल्या गावचं नाई रुचत." मी मोठी दयाळू मुलगी, आईला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिले, आणि तिला भलत्याच जागी दुखवत बसले. घरी आले की यादीतलं काही मागायचंही नाही, नाहीतर उरलेलं सगळं उघड पडलं असतं. अशी वीस-पंचवीस वर्षं गेली. मी नोकरीसाठी जबलपूरला गेले, बाबा वारले, मला मुलगी झाली.

मुलीच्या बाबतीतही मी तीच युक्ती केली. माझं दुखणं तिलाही असू शकतं म्हणून घरात जवस आणत नव्हते. आईला मात्र म्हणाले, "तिले चटनी देऊ नको. तिखट लागते." आई चटणीला लागलेला हा दोषही मुकाट्यानं मान्य करून बसली.

गेल्या वर्षी आम्ही पोळ्याला बालाघाटला गेलो. दुपारी मी ओसरीत भाजी निवडत होते, तर मुलगी आतून गळा खाजवत आली. "मम्मी, नानी ने लड्डू दिया. गला खुजा रहा है." ओठ सुजला होता. चटणी तिखट लागते ना नातीला, म्हणून आईनं जवसाचे गूळ घालून लाडू केले होते.

मी पर्समधलं औषध तिला दिलं आणि शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगायला धावले. परत आले तर आई चुलीशी. तव्यावर जवस तडतडत होता आणि बाजूला पोटीस बांधायचं फडकं घडी करून ठेवलं होतं.

"आई, नको!" मी ओरडले. "जवसच हाय तो! मलेही जवसच बाधत होता. आतापासून नाई, पयल्यापासून!"

तिनं तवा खाली उतरवला. गाडीत मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि दवाखाना येईपर्यंत तिचं मनगट धरून त्याच्याकडे बघत राहिली.

मुलगी संध्याकाळपर्यंत सावरली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थोडा वेळ ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. घरी आल्यावर ती नानीच्याच कुशीत झोपली. मी आईशी बोलायला दोनदा गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले.

सकाळी नारबोद निघाली. मी दारात येते तो आई पुढे गेलेली. तिच्या हातात चिंधी नव्हती, जवसाचा अख्खा डबा होता. भावाच्या शेतातला जवस तिनं दोन्ही हातांनी नारबोदीवर ओतला आणि ओरडली, "घेऊन जा गे नारबोद!" तिचा आवाज फाटला होता. बायका थांबून बघत होत्या.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले. मला वाटलं, आता ती दारावर शेवटचं नाव लिहील. तिनं ओलं फडकं घेतलं आणि यादी पुसायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शाई ताजी होती. मी या घरातून गेल्यावरही ती दर पोळ्याला अक्षरं गिरवत आली होती. पुसून झाल्यावर ती बाजारात गेली आणि जेवायच्या वेळी ताटात भरली वांगी आली.

"तुज्या बाबाले लय आवडे," ती म्हणाली. "मी उगाच तरसवलं त्यायले."

"आई, बाबा खानीवर खात होते. दर बुधवारी. मले सांगितलंतं त्यायनं."

"मालूम हाय. त्यायच्या मेसच्या डब्याले वास येत जाय." ती किंचित हसली. "बरं केलं त्यायनं."

"मंग तू काहून नाई खाल्लं?"

"तू नोहोती खात न वो," ती म्हणाली.

माझा घास हातातच राहिला. दया दाखवायची म्हणून मी गप्प बसले होते आणि त्या गप्प बसण्यानं माझ्या आईनं वीस-पंचवीस वर्षं, एकटी राहत असतानासुद्धा, एक वांगं खाल्लं नव्हतं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"खात होती, आई. होस्टेलात. पयल्याच हप्त्यापासून. वांगं, दही, सारंच खात होती."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं पातेलं जवळ ओढलं, एक वांगं माझ्या ताटात घातलं, एक स्वतःच्या.

"मंग खाय न आता," ती म्हणाली, आणि या वेळी माझ्या मनगटाकडे न बघता तिनं स्वतःचा घास तोंडात घातला.