जनीच्या हातातला बटाट्या

जनी माझ्याकडे सात वर्षं कामाला येते. सकाळी आठला येते, अकराला जाते; दिवेलागणीला पुन्हा एक चक्कर मारते. वय तिच्या मते अठ्ठावन्न, आधार कार्डाच्या मते एकसष्ट. खालापूरला आमच्या घरामागे भाताची खाचरं आहेत, त्यामुळे पावसाळ्यात काहीबाही घरात येतं. दोन वर्षांपूर्वी मोरीत फुरसं निघालं, तेव्हा मी कॉटवर चढून उभी राहिले आणि जनीने ते चिमट्यात धरून बांधावर नेऊन सोडलं. परत आल्यावर मला म्हणाली, "उतरा आता काकी, कॉट मोडंल."

अशी ही बाई एका गिनीपिगला पाहून दारातूनच मागे फिरली. माझ्या रोजच्या वहीत अकरा जूनच्या पानावर मी लिहिलं आहे : 'जनी आठ वाजून दहा मिनिटांनी आली. पिंजरा पाहिला. काम न करता गेली. चेहरा पांढराफटक.'

तो गिनीपिग शेजारच्या नम्रताचा. तिच्या नवऱ्याची गुवाहाटीला बदली झाली. तिच्याकडे गिनीपिगांची दोन भावांची जोडी होती, त्यातला एक मार्चमध्ये मेला. उरलेला ती माझ्या पडवीत ठेवून गेली. "काकू, विमानात नेऊ देत नाहीत. महिनाभरात काहीतरी सोय करते," म्हणाली. त्याचं नाव बटाट्या. अंग तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा, आणि माझ्या दोन मुठींत मावेल एवढा. पहिले दोन दिवस तो कोपऱ्याकडे तोंड करून बसला. काकडी ठेवली, ती तशीच वाळली; गवताच्या चार काड्या तेवढ्या कुरतडल्या.

जनी तिसऱ्या दिवशी आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली. आधी ती 'कंपनीत' होती, एवढंच मला ठाऊक होतं.

"ती कंपनी औषधं तपासायची, काकी. रसायनीकडं, पाताळगंगेच्या अंगाला. तितं ही जनावरं. शे-दोनशे असायची. मी पिंजरं धुवायची, घास घालायची. बावीस वर्सं."

"मग तुला तर सवय हवी. घाबरलीस कशाला?"

"नंबर लागला की आत न्यायचं असायचं. आतल्या दारापर्यंत. दुसऱ्या कुनी धरलं तर आरडायची, चावायची. माज्या हातात गप ऱ्हायची. म्हनून मलाच सांगायचे." ती आपल्या तळव्यांकडे पाहत होती. "मग दार लागायचं. माज्या हातातनं गेलेलं एक बी परत आलं नाय."

मी म्हटलं, "इथे कसलं आतलं दार आहे?"

"हात तेच हायत ना, काकी."

तिने बटाट्याला शिवायचं नाही, असं ठरलं. गवत ती चिमट्याने आत टाकायची. फुरसं धरलेला तोच चिमटा. पण या प्राण्याबद्दल जे ठाऊक असायला हवं, ते सगळं तिलाच ठाऊक होतं आणि मला काहीच नव्हतं. लांबूनच तिने सांगितलं, "हा येकटा पडलाय. येकटं पडलं की खात नाय, आन् दोन दिवस खाल्लं नाय की गेलं. सोबत आना त्याला."

पनवेलच्या दुकानातून आणखी एक नर मागवते, असं मी म्हटलं, तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच. "नर नको! येकदा नव्या पोरीनं चुकून दोन मोठं नर येका पिंजऱ्यात घातलं. सकाळी उघडलं तर येकाचा गळा फाटलेला, दुसरा त्येच्यावर बसून घास खात व्हता."

"मग मादी आणू."

"मंग दर दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं. ती तुमी कुनाला देनार? मागायला येतील ते कशाला मागतील, ठाव हाय?"

त्या रात्री मी वहीत एक प्रश्न लिहून ठेवला : नर आणला तर मारामारी, मादी आणली तर पिल्लं, एकटा ठेवला तर उपासमार. काय करावं? उत्तराची जागा कोरी राहिली.

बटाट्याच्या घराचं काम मात्र जनीने हाती घेतलं. नम्रताच्या पिंजऱ्याला तारेचा तळ होता. "तारेवर पाय सडतात. आमच्याकडं सडायचे." माझं दुभत्याचं जुनं जाळीचं कपाट तिने पडवीत आडवं पाडलं, तळाशी फळी ठोकली आणि गोधडीचे तुकडे अंथरले. पेंढा घालू दिला नाही, त्याची टोकं डोळ्यात जातात म्हणून. मुंगूस आणि मांजराच्या धास्तीने कडीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या मंगळसूत्रात ओवली. कपाट चांगलं साडेचार फूट लांब झालं. बटाट्या त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावला आणि त्याने अर्धी काकडी खाल्ली. जनी लांबूनच म्हणाली, "खाल्लं बघा!" लगेच तिने जीभ चावली, दृष्ट लागेल म्हणून.

आणि दोन जुलैला तिनेच त्याला मरणाच्या दारात नेलं.

पावसाने उघडीप दिली होती आणि पडवीत डासांचे थवे उठले होते. गोठ्यातल्या वासरांना संध्याकाळी धूर करतात, हे जनी लहानपणापासून करत आलेली. तिने घमेल्यात गोवरीचा निखारा घेतला, वर कडुनिंबाचा ओला पाला टाकला आणि घमेलं कपाटाच्या जाळीलगत सरकवलं. मी आत जप करत होते. धुराचा वास आला तेव्हा मलाही काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. पाऊण तासाने जनीची हाक आली, "काकीऽऽ!" तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बटाट्या पाय पसरून पडला होता. तोंड उघडं होतं आणि प्रत्येक श्वासाला गळ्यात चर्रर्र असा आवाज होत होता. जनीने घमेलं लाथेने अंगणात उडवलं, पण तिला पुढे हात नेता येईना. हात अर्ध्यावर जाई आणि मागे येई. शेवटी माझ्या संधिवाताच्या बोटांनी मीच त्याला कसाबसा टॉवेलात गुंडाळला, आणि आम्ही रिक्षाने खोपोली गाठली.

तिथले पशुवैद्य नीलेश हे तसे गाईम्हशींचे डॉक्टर, तरुण माणूस. त्यांनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "धूर कोणी केला?"

"मी, साहेब."

"मावशी, याची फुप्फुसं चिंचोक्याएवढी. हा काय वासरू आहे?" मग तिचा चेहरा पाहून ते जरा मऊ झाले. "वाचेल. पण हा प्राणी दुखणं लपवतो. तो आजारी दिसायला लागला म्हणजे अर्धा गेलेलाच असतो. रोज पेरू द्या, ढोबळी मिरची द्या. आणि एकटा ठेवू नका."

मी माझा कोरा राहिलेला प्रश्न त्यांना विचारला. ते हसले. "सोपं आहे. मादी आणा आणि याचं ऑपरेशन करून टाकू." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे बैलाचं करतो, बोकडाचं करतो. हे एवढंसं कधी केलं नाही. गुंगीतून उठेलच असं सांगता येत नाही. माझ्या सरांना विचारून घेतो."

परतताना रिक्षात जनी एवढंच बोलली, "शिवले नाय तरी मरायलाच लागलं व्हतं ना."

मादीसाठी आम्ही नऊ जुलैला कर्जतच्या पुढे कोंडाण्याकडे गेलो. तिथल्या एका फार्महाऊसवर पाहुण्यांच्या मुलांसाठी ससे आणि गिनीपिग ठेवले आहेत, आणि गिनीपिग वाढले की ते देऊन टाकतात, असं कळलं होतं. व्यवस्थापक ऋषिकेश याने एक गुबगुबीत काळं पिल्लू पुढे केलं. "आजी, ही घ्या. फीमेल. गॅरंटी."

माझी मान आपोआप जनीकडे वळली. तपासायचं तर कोणीतरी धरायला हवं होतं. माझी बोटं वळत नव्हती, आणि ऋषिकेशच्या हातात ते पिल्लू किंचाळत होतं. जनी कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिली. मग तिने एक हात छातीखाली घातला, दुसरा बुडाखाली, आणि त्याला उलटं केलं. पिल्लू तत्क्षणी गप्प झालं. ते गप्प झाल्याबरोबर जनीच्या कपाळावर घाम आला. अंगठ्याने पोटाखाली हलकं दाबून तिने पाहिलं.

"बाप्या हाय."

"अहो मावशी, आम्ही तिचं नाव राणी ठेवलंय!"

"मंग आता राजा म्हना. आन् ह्याच्यासंगं ज्या कोंडल्यात त्या समद्यांचं पोट तपासा."

ऋषिकेशचा चेहरा पडला आणि बागेतला माळी तोंड फिरवून हसायला लागला. जनीने एकेक करून पाच पाहिले. पाचवी मादी निघाली, पांढरी, वाळकी, सशाच्या लाथेने कान फाटलेली. तिचं पोट मात्र जनीने तीनदा चाचपलं. "रिकामी हाय. हीच घ्या." भाजीच्या टोपलीत घालून तिला आणली. रंगावरून जनीने तिचं नाव कांदी ठेवलं. कपाटाच्या मधोमध जाळी ठोकली. एका बाजूला बटाट्या, दुसऱ्या बाजूला कांदी. त्या संध्याकाळी बटाट्या जाळीला नाक लावून शिट्ट्या मारत होता आणि कांदी त्याच्याकडे पाठ करून गवत खात होती.

"पोरीकडचे असेच बसतात बघायच्या कार्यक्रमाला," जनी म्हणाली. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली.

ऑपरेशन तेवीस जुलैला होतं. त्या दिवसाचं पान मी दोनदा लिहिलं आहे, कारण पहिल्यांदा अक्षर वाचता येईना. दवाखान्यात एक म्हातारा बोकड घेऊन बसला होता. मदतनिसाने वही पाहून हाक मारली, "बटाटा कोण?" बोकडवाला म्हणाला, "बाजार मागल्या गल्लीत, भाऊ." मलाही हसू आलं, पण टोपलीत बटाट्या इतका थरथरत होता की टोपली हलत होती. मदतनीस त्याला धरायला गेला, त्याला तो कडकडून चावला. दुसऱ्यांदा टॉवेल घालून धरला, तर तो असा किंचाळला की डॉक्टर बाहेर आले.

"असा घाबरलेला असताना गुंगी देता येणार नाही. हृदय बंद पडेल. कोणाच्या हातात शांत राहतो का हा?"

कांदीचं पोट तीनदा चाचपणारे ते हात मी पाहिले होते. पण जनीचं नाव घ्यायचा मला काय अधिकार? खोलीत आत जायचं एक दार होतं, पांढऱ्या रंगाचं, वर काच असलेलं. जनी त्या दाराकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते.

"मी नेते," ती म्हणाली.

"जनी, नको. आपण परत जाऊ. राहू दे त्याला जाळीच्या अलीकडे."

"जल्मभर जाळीलाच नाक लावून बसंल, काकी."

एक हात छातीखाली, एक बुडाखाली. बटाट्याने तिच्या कोपराच्या खाचेत तोंड खुपसलं आणि तो गप्प झाला. सात पावलं असतील. दारापाशी ती थांबली, इतका वेळ की मदतनिसाने मागे वळून पाहिलं. मग ती आत गेली. पाच मिनिटांनी एकटीच बाहेर आली, माझ्याजवळ न थांबता थेट रस्त्यावर गेली आणि पावसात उभी राहिली. मी छत्री घेऊन गेले. तिचे दोन्ही हात तसेच पुढे होते, काही धरल्यासारखे. तिला ते खाली करता येत नव्हते.

"गप झाला, काकी. माज्यावर भरवसा ठेवून गप झाला."

चाळीस मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होते, देवाचं नाव घेत होते आणि मनात म्हणत होते, मेला तर या बाईचं काय करू? बारा वाजून पाच मिनिटांनी मदतनिसाने हाक मारली. डॉक्टरांच्या हातात कपड्याचं लहानसं गाठोडं होतं, निपचित. जनी दारातच भिंतीला टेकली.

"जिवंत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण अजून पूर्ण शुद्धीवर नाही. अंगाची ऊब हवी. छातीशी धरा, हलवू नका."

त्यांनी ते गाठोडं तिच्या हातात दिलं. ती ते पदराखाली धरून रिक्षात बसली. खोपोलीपासून खालापूरपर्यंत दर खड्ड्याला तिचे डोळे मिटत होते. "लागतंय, काकी. ठोका लागतंय हाताला," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. घरी आल्यावर अडीच वाजता बटाट्याने डोकं वर केलं. संध्याकाळी त्याने पेरूची एक फोड खाल्ली, आणि ती त्याला जनीने हाताने भरवली.

ऑपरेशननंतरही सहा आठवडे तो बाप होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून जाळी पाच सप्टेंबरपर्यंत ठेवली. त्या दिवशी जनी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून आली, आणि हातात जाड टॉवेल. मारामारी झालीच तर मध्ये टाकायला. दोघांनाही आपापल्या घरात न ठेवता पडवीच्या मोकळ्या फरशीवर सोडायचं, मध्ये गवताचा भारा ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं.

बटाट्या घुरघुरत, बूड डोलवत कांदीभोवती फिरू लागला. एक फेरी, दोन, तीन. जनीचा श्वास मला ऐकू येत होता. कांदीने दात कडकड वाजवले. जनीने टॉवेल उचलला. बटाट्या आणखी जवळ गेला, आणि कांदीने वळून त्याच्या तोंडावर मुताची धार सोडली.

"बरं केलंस गं बाय!" जनी म्हणाली, पण टॉवेल खाली ठेवला नाही.

बटाट्या तोंड पुसत मागे सरकला. मग भाऱ्याच्या एका टोकाकडून तो खाऊ लागला, दुसऱ्या टोकाकडून कांदी. मध्येच एकदा तिने त्याच्या पाठीवर झडप घातली, एकदा त्याने तिचा फाटका कान हुंगला. अकरा वाजून गेले, बारा वाजले, जनी घरी गेली नाही. जेवण तिने पडवीतच, डाव्या हातात टॉवेल धरून केलं. मी म्हटलं, "आता काही होत नाही." ती म्हणाली, "तसंच वाटतं, काकी."

पाच वाजता तिने आधी बटाट्याला उचललं. मानेवरचे, पाठीवरचे, पोटाखालचे केस बोटांनी बाजूला करत कुठे दात लागलेत का, रक्त आहे का ते पाहिलं. मग कांदीला पाहिलं.

"नाय," ती म्हणाली. आणि बटाट्याला घेऊन पुन्हा मानेपासून पाहायला लागली.