किडिंग म्हंजे काय गो?

प्राचीचा फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. ती म्हणाली, "आत्या, आई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" मी हातातली वही पूर्ण तपासली, खाली सही केली आणि मग उठले.

आई म्हणजे प्राचीची सासू, माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी. उंबरमाळीजवळ आमच्या वस्तीवर ती शेळ्या राखायची. आई लहानपणीच गेलेली, मामाकडे वाढलेली. कामापलीकडे तिच्याशी कुणी फारसं बोललंच नसावं; थट्टा तिला कळायची नाही. दादा गमतीत म्हणाला, "आज चहा मिळायचा नाय वाटतं," तरी ती दचकून चुलीकडे धावायची. अशा घरात कल्याणची सून आली, प्राची. तिची जीभ थट्टेशिवाय वळायचीच नाही. पहिल्याच आठवड्यात जेवताना म्हणाली, "आई, दुकानातलं मीठ संपलं का? जस्ट किडिंग हां!" वहिनीनं सुनेशी बोलणं टाकलं. भाजी मात्र खारट व्हायला लागली.

मी शहापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. रविवारी गेले तर वहिनीनं मला गोठ्यामागे ओढलं.

"ताई, किडिंग म्हंजे काय गो? शिवी हाय का?"

"नाय वहिनी, मस्करी."

"मस्करीला जोक बोलतात ना?"

मी सांगितलं, जोक कुणालाही सांगता येतो. टीझिंग म्हणजे चिडवणं. किड म्हणजे शेळीचं करडू, आणि लेकरूही. किडिंग म्हणजे समोरच्याला लेकरू समजून लाडानं काहीतरी खोटं बोलणं. शब्दकोशात लाडाबिडाचं काही नाही. ते मी पदरचं घातलं.

"म्हंजे ती मला लेकरू समजते?" वहिनी म्हणाली, आणि तिथंच खाली बसून रडली.

त्या संध्याकाळी प्राचीनं भात वाढला. वहिनी म्हणाली, "तुज्या बानं कदी भात बघितला होता का?" मग तीच घाईघाईनं, "किडिंग, किडिंग!" प्राची हसून लोळायची बाकी राहिली. पुढची वर्षं ते घर असंच चाललं. वहिनीच्या थट्टा वाईटच असायच्या. शेवटचा शब्द ऐकायला आम्ही हसू दाबून थांबायचो.

मग वहिनीला यकृताचं दुखणं निघालं. दवाखान्यात प्राची पेज भरवत होती. वहिनी म्हणाली, "मी आता जाते, बाय." प्राचीचा चमचा हवेतच राहिला. ती त्या शेवटच्या शब्दाची वाट बघत राहिली... वहिनी पुढं काही बोलली नाही.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. काल मी गेले तर प्राची घरामागे शेळ्यांना पाला काढत होती, वहिनीच्या आकडीनं. लांब काठीला बांधलेला तो कोयता वहिनी एका हातानं चालवायची. प्राचीला झेपत नव्हता. मी काठीचं टोक धरलं. फांदी कडाडून खाली आली, शेळ्या धावल्या. आम्ही दोघी काठी धरून तशाच उभ्या राहिलो. खाली कुणी ठेवायची, ते कळेना.