पेंढारकर काकांची चौकशी

"तिच्यासमोर नको बोलायला. ती गप्प बसते, म्हणजे सगळं ऐकते!"

लग्न होऊन बंगालमधल्या बराकपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आल्यावर माझ्याबद्दल कानावर पडलेलं हे पहिलं मत. मी दाराबाहेर साखर मागायला उभी, आणि शेजारच्या सुलभाकाकू आत फोनवर. ऐकते, हे खरंच होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं इनमीन चार, त्यात किस्से साठून साठून किती साठणार? पण पेंढारकर काकांची चौकशी सुरू झाली आणि किस्से ठेवायला जागा पुरेना!

काका आमच्याच बिल्डिंगमधले, आणि माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या ऑफिसात. संरक्षण खात्याचं गुप्त काम. त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं आणि अधूनमधून ते नव्याने तपासतात. काका पूर्वी भरपूर प्यायचे. मग व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, आणि तेव्हापासून थेंबही नाही. क्लिअरन्स अडलं, तर ज्या लॅबमध्ये उभं आयुष्य गेलं तिथेच त्यांना पाऊल टाकता येणार नव्हतं.

*

दारूचा आणि गुप्ततेचा काय संबंध, असं मी जेवताना मंदारला विचारलं.

"पिणारा माणूस बडबडतो. शिवाय लपूनछपून पीत असेल, तर तेवढंच धरून कुणीही त्याला धमकावू शकतं."

"आणि सगळ्यांना माहीतच असेल तर?"

मंदारचा घास हातातच राहिला. "तू बँकेच्या परीक्षा कशाला देतेस गं? आमच्याकडेच ये!"

*

चौकशीचे साहेब आधी सुलभाकाकूंकडे गेले. दार बापटकाकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी उघडलं.

"पेंढारकर? एकदम सात्त्विक माणूस! चहासुद्धा घेत नाहीत!"

तेवढ्यात जिन्यावरून पेंढारकर काकांचाच आवाज आला, "बापट, अहो, वाटीभर दूध द्या. सकाळपासून चहा करून करून आमचं संपलं!"

*

बापटकाका दूध आणायला आत पळाले. साहेबांनी काकूंना साधंच विचारलं, "पेंढारकरजी शाम को कितने बजे घर आते हैं?"

काकू ताडकन म्हणाल्या, "नहीं नहीं, वो बिलकुल नहीं पीते!"

*

या गडबडीत काकांना खोकला झाला. मंदार त्यांना बाजारातल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरबाबूंकडे घेऊन गेला. डॉक्टरबाबूंनी कौतुकाने थेंबांची बाटली पुढे केली.

"यात स्पिरिट आहे ना? मग नको," काका म्हणाले.

डॉक्टरबाबू दुखावले. "ही काय दारू आहे? औषध आहे, औषध!"

काका हात जोडून म्हणाले, "डॉक्टरबाबू, मीसुद्धा बायकोला हेच सांगायचो!"

खोकला आपोआप जाईपर्यंत काका आलं चघळत होते.

*

शेवटी साहेब आमच्याकडे आले. त्यांच्या पाठोपाठ बापटकाका आणि काकूही. "नवीन आहे हो पोरगी, हिंदी जमत नाही तिला," म्हणत काकू सोफ्यावर मला चिकटून बसल्या. मंदार समोर उभा राहून पंख्याकडे बघत होता.

साहेबांनी मलाच विचारलं, "पेंढारकरजी पूर्वी प्यायचे का?"

"कधीच नाही!" काकू.

"वासही सहन होत नाही त्यांना!" बापटकाका.

"माझ्या तरी बघण्यात नाही," मंदार पंख्याला म्हणाला.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कमाल आहे. पेंढारकरजींनी तर मला स्वतःहून सगळं सांगितलं. किती प्यायचे, कुठे उपचार घेतले, कधी सोडली. उपचार घेऊन सावरलेल्या माणसाचा विचार होऊ शकतो. लपवणाऱ्याचा नाही. आता इथे तर प्रत्येक जण म्हणतो, ते कधी प्यायलेच नाहीत. तो फिर झूठ कौन बोल रहा है?"

काकूंनी माझा हात घट्ट दाबला.

"हम लोग," मी म्हणाले.