जालन्यात लोखंडाची खाण कुठे आहे?

धावड्याच्या थांब्यावर साडेसातची एसटी पावणेआठला आली आणि पुतण्याशी एक शब्दही न बोलता मी तिच्यात चढलो. प्रकाश मला सोडायला आला होता, हे खरे. पण काका रुसून गेले, असे तो नंतर गावभर सांगत फिरला, ते साफ खोटे आहे. मी रुसलो नव्हतो. मी पुरावा आणायला निघालो होतो.

वादाचे मूळ थोडक्यात सांगतो. भोकरदन तालुक्यातले धावडा हे माझे जन्मगाव. गावात नोकरी नव्हती म्हणून मी विशीत बाहेर पडलो, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि तिथेच घर केले. धावड्यातली रस्त्यालगतची दोन एकर जमीन मात्र मी विकली नाही. यंदा गावातल्या मिरची उत्पादकांनी एकत्र येऊन तिखट तयार करण्याचा कारखाना काढायचे ठरवले, तेव्हा ती जमीन मी विनामोबदला देऊ केली. अट एकच : कारखाना त्याच जागेवर उभा राहिला पाहिजे. मी ज्या वयात गाव सोडले त्या वयातल्या कुणाला तरी उद्या गाव सोडावे लागू नये, एवढाच माझा स्वार्थ. प्रकाश त्या मंडळींचा सचिव. त्याचे म्हणणे, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घ्यावा. जागेचा निर्णय शुक्रवारच्या बैठकीत व्हायचा होता.

त्याआधीच्या चर्चेत मी नियम सांगितला. प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन घटते, त्याचा कारखाना त्या मालाच्या जवळ असतो. ऊस वाहण्यापेक्षा साखर वाहणे सोपे, म्हणून साखर कारखाने उसाच्या मुलखात उभे राहतात. ओली मिरची वाळल्यावर चौथाईही उरत नाही. तेव्हा मिरचीचा कारखाना मिरचीच्या गावात. यावर प्रकाश शांतपणे म्हणाला, "काका, मंग जालन्यात लोखंडाची खाण कुठंय?"

लोक हसले; जालन्यात सळईचे कारखाने ढिगाने आहेत आणि लोखंडाची खाण एकही नाही. काकांना उत्तर सुचले नाही, असे प्रकाश सांगतो. मला तीन उत्तरे सुचली होती. त्यांतले एकही खरे असल्याची खात्री नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. या दोन गोष्टींत फरक आहे.

गाडी भोकरदनच्या दिशेने लागली आणि अजिंठ्याच्या डोंगराची निळसर कड मागे राहिली. दिवाळी होऊन गेली होती. काळ्या रानांत कापसाची वेचणी चालू होती. मध्येच हिरव्या-पांढऱ्या जाळीचे मांडव दिसत. त्या मांडवांत भाजीपाल्याचे बियाणे तयार होते आणि पुढे जालन्याला साफ होऊन पिशव्यांत भरले जाते. भोकरदनला शेजारी एक म्हाताऱ्या बाई येऊन बसल्या. त्यांचा मुलगा जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्यासाठी त्यांनी डबाभर ठेचा घेतला होता.

"कुठं चाललात, आबा?" त्यांनी विचारले.

"कारखाने पाहायला."

"कोणाला कामाला लावायचंय का?"

"नाही. ते तिथेच का आहेत, ते पाहायचे आहे."

"का म्हंजी? असतेत," त्या म्हणाल्या आणि राजूरच्या गणपतीची टेकडी दिसताच हात जोडून मोकळ्या झाल्या. एकतीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाने माझा प्रश्न इतक्या लवकर निकालात काढला नव्हता.

जालन्याच्या स्थानकाबाहेर गाड्यावर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाल्ला. सांगलीकडे चुरमुऱ्यांचा भडंग होतो, त्यापुढे हा प्रकार मऊ पडतो असे मी पूर्वी म्हणत असे. ते मत मागे घेतो. लिंबू पिळलेली ती गरम बशी संपल्यावर मी दुसरी मागितली. मग रिक्षा केली. चालकाचे नाव रफीक.

"लोखंडाच्या कारखान्याकडे घ्या."

"कोणत्या? उधर सगळेच लोखंडाचे हायेत. न्हाईतर बियाण्याचे."

मी त्याला माझा प्रश्न विचारला. त्याच्याजवळ उत्तर तयार होते. "हवा, चाचा. इथली हवा बिलकुल सुकी. लोखंडाला गंज लागत न्हाई, बियाण्याला बुरशी येत न्हाई. सीधी बात."

"तसे असते तर जगातले सगळे पोलाद वाळवंटात तयार झाले असते," मी म्हणालो.

"वाळवंटात रिक्षा मिळत न्हाई," तो म्हणाला.

बियाण्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे, हे मी मान्य करतो. कोरडी हवा बियाण्याला मानवते. लोखंडाच्या बाबतीत तो चूक होता आणि मी त्याला उतरताना तसे सांगितलेही.

औद्योगिक वसाहत प्रथमदर्शनी नजरेत भरते ती भंगाराने. मोडक्या मोटारींचे पत्रे, दाबून ठोकळे केलेले डबे, जहाजाची वाटावी अशी जाड प्लेट, शिवणयंत्राचा पाय. बंदरांतून आणि शहरांतून ट्रकांनी आलेले हे डोंगर भट्टीत वितळतात, त्यांच्या कांड्या ओततात आणि त्या लाटून सळई करतात. दुचाक्यांवरून माणसे पाळीला येत होती, डबे हँडलला लटकलेले. एका कारखान्याच्या फाटकावर मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक असल्याचे सांगितले. सोनवणे नावाचे मुकादम बाहेर आले, त्यांनी माझ्या डोक्यावर पिवळे शिरस्त्राण ठेवले आणि मला आत नेले.

लाटण्याचे काम मी चित्रात अनेकदा दाखवले होते. पाहिले कधी नव्हते. लालभडक कांडी दोन फिरत्या लोखंडी रुळांमधून सणकन बाहेर पडते. पलीकडे उभा असलेला माणूस तिचे तोंड लांब सांडशीने पकडतो आणि वळवून पुढच्या रुळांत घालतो. त्या माणसाची नजर कांडीवरून हलत नाही. प्रत्येक फेरीत कांडी बारीक आणि लांब होत जाते. वर्गात हे मी 'आकार देणे' या दोन शब्दांत उरकत असे. त्या दोन शब्दांबद्दल मला तिथे उभ्या उभ्या ओशाळवाणे वाटले.

"खाण नाही, कोळसा नाही. मग कारखाने इथे कसे?" मी ओरडून विचारले; आवाजच तेवढा होता.

"गाड्या, गुरुजी," सोनवणे ओरडले. "भंगार घेऊन येती ती गाडी सळई घेऊन जाती. दोन्हीकडून भाडं. खाली गाडी पळवायचा खर्चा न्हाई."

"मग कारखाना बंदरावरच का नाही? भंगार तर तिथेच उतरते."

सोनवणे काही बोलणार, तेवढ्यात एका रुळाशी कुणीतरी हात वर केला आणि सगळे थांबले. गोंगाट इतका एकाएकी थांबला की मला माझाच श्वास ऐकू आला. रुळावरची खाच झिजली होती आणि सळई वेडीवाकडी निघत होती. पलीकडे भट्टी पेटलेलीच होती. ती काही थांबत नाही. पुढच्या काही मिनिटांत साखळीच्या कप्पीने तो जड रूळ उतरला, एका टेम्पोत चढला. "जल्दी जा, भानुदासला म्हणावं आत्ताच्या आत्ता," सोनवणे म्हणाले. त्यांचा चेहरा मघाचा राहिला नव्हता.

"कुठे नेतात हा?"

"दोन गल्ल्या सोडून. बघायचंय का? बसा पुढं."

टेम्पोत चढताना माझी फजिती झाली. तापलेल्या फरशीवर उभे राहून माझ्या डाव्या चपलेचा तळ सुटला होता. इतके लोखंड घडवणाऱ्या त्या वसाहतीत चप्पल शिवणारा एकही माणूस नव्हता. मी पाय ओढतच टेम्पोत बसलो.

भानुदासचे दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा, आत मोठे लेथ यंत्र आणि दाराशी कातलेल्या लोखंडाच्या कुरळ्या पट्ट्यांचा ढीग. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. त्याने रूळ चढवला, खाचेवर बोट फिरवले आणि यंत्र सुरू केले. हत्यार लागताच धातूची कुरळी पट्टी सुटू लागली. त्या रांगेत अशी सहा-सात दुकाने मी मोजली, आणि प्रत्येकासमोर कुठल्या ना कुठल्या कारखान्याचा टेम्पो उभा होता.

"एवढा मोठा कारखाना तुमच्या या शेडसाठी थांबला आहे तर," मी म्हणालो.

"थांबू नये म्हणून तर आम्ही इथं बसलोत, बाबा. रूळ दूर शहरात पाठवला असता तर दोन दिस गेले असते. भट्टीला काय सांगणार, दम धर म्हणून?"

"म्हणजे तुम्ही इथे होतात म्हणून कारखाने आले?"

"न्हाई. पहिला आल्ता कोणीतरी, का आल्ता त्याचं त्यालाच माहीत. तो आला म्हणून आम्ही आलो. मंग आम्ही हाओत म्हणून दुसरा आला. आता कोण कोणामुळं, ते तुम्ही लावा."

रफीकने हवा सांगितली, मुकादमाने गाड्या सांगितल्या, भानुदासने स्वतःचे दुकान सांगितले. प्रत्येकाला आपल्याच धंद्यात कारण दिसत होते. तरीही भानुदासचे कारण मी डोळ्यांनी पाहिले होते. पाठ्यपुस्तकात कच्चा माल होता, वीज, पाणी, मजूर, बाजारपेठ, वाहतूक होती. यंत्र बिघडले तर काय, हा प्रश्न नव्हता. आणि मीही तो कधी विचारला नव्हता.

एव्हाना माझी चप्पल त्याच्या नजरेस आली होती. त्याने ती काढायला लावली, कोपऱ्यातली बांधणीची तार घेतली आणि पकडीने चार टाके घातल्यासारखी आवळली. "कुठले तुम्ही?"

"मूळचा धावड्याचा." मी वडिलांचे नाव सांगितले.

त्याचा हात थांबला. "म्हंजी रस्त्याकडच्या खळ्यावाल्यांचे? आवं, आम्ही बी तिकडचेच. आमच्या आज्याच्या मेंढ्या तुमच्याच वावरात बसायच्या. खताला. माझा बाप सांगायचा, तुमच्या वडलांचं खळं लई कडक, मेंढीचं खूर उमटायचं न्हाई."

मग मी त्याला सारे सांगितले : माझी शाळा, मिरची, दोन एकर, शुक्रवारची बैठक. आणि विचारले, "धावड्यात कारखाना निघाला तर तुम्ही गावी परत याल का? जागा मी देईन."

त्याने खरोखर विचार केला. उडवून लावले नाही, हे मी नमूद करतो. "तुमची चक्की वर्षात किती डाव बिघडंल?"

"दोनदा. फार तर तीनदा."

"आन् बाकीचे दिस मी काय करू, मेंढ्या वळू?" तो हसला, मग हसणे आवरून म्हणाला, "गुरुजी, एका गिऱ्हाईकावर लेथ चालत न्हाई. बराबर धा कारखाने घेऊन या, मी लगेच येतो. चक्की जालन्यातच घाला. धावड्यात शाफ्ट तुटला तर तो इथवर आणस्तोर तुमचं तिखट सादळून जाईल."

"पण ओल्या मिरचीचे वजन? ते पाणी का वाहून न्यायचे जालन्यापर्यंत?"

"मिरची वाळवायला चक्की कशाला लागती? ऊन लागतंय. ऊन बिघडत न्हाई."

यंत्र फिरत होते. मी तारेने बांधलेली चप्पल पायात घातली. माझा नियम खोटा ठरला नव्हता. वजन मालाजवळच घटायला हवे, हे अजूनही खरेच होते. पण मिरचीचे वजन घटते ते वाळवताना, दळताना नव्हे. आणि मी मात्र चक्कीसाठी भांडत होतो. मी निघताना भानुदासने हात पुसून माझ्या पायाला हात लावला. रूळ तोवर टेम्पोत चढला होता.

शुक्रवारच्या बैठकीत मीच प्रथम उभा राहिलो. वाळवण आणि देठ तोडण्याचे काम धावड्यात, माझ्या जमिनीवर. चक्की जालन्यात, भानुदासच्या गल्लीपासून जवळ. ही कल्पना आपलीच होती असे प्रकाश आता सांगतो. ती त्याची नव्हती. ती भानुदासची होती, आणि मी तिला भूगोलाचा आधार दिला.

"मंग काका, खाण सापडली का जालन्यात?" प्रकाशने सर्वांदेखत विचारले.

"सापडली. पत्र्याच्या शेडमध्ये आहे," मी म्हणालो. या वेळी लोक त्याला हसले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठराव झाला. गावातल्या बायांना हंगामात घराजवळ काम मिळेल. तरुण मुले मात्र चक्कीवर कामाला जालन्यालाच जातील. मला पाहिजे होते ते अर्धेच झाले, हे मी लपवत नाही. फरक एवढाच की ती जातील सकाळी आणि येतील संध्याकाळी. मी गेलो तो गेलोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही जमिनीवर फिता टाकून वाळवणाचा चौक आखला. प्रकाशने मधोमध पहार मारली, तशी ती खणकन वाजून उलटली. गवताखाली जुने खळे होते. शेणाने सारवून, बैल फिरवून पिढ्यान्‌पिढ्या कडक झालेले, मधल्या तिवड्याचा (ज्याभोवती बैल फिरत त्या खांबाचा) खड्डा दगडांनी बुजलेला. मी तिथे उभा राहून पाहिले. पश्चिमेचा वारा अडवायला झाड नव्हते. दिवसभर ऊन होते. गाडीवाट शेजारून जात होती. पाणी साचणार नाही असा उतार होता. खळ्याची जागा निवडताना वाडवडिलांनी एकेक गोष्ट पाहिली होती, आणि ते भूगोल शिकले नव्हते.

"काका, इथंच का बरं खळं घातलं असंल त्यांनी?" प्रकाशने पहार टेकवत विचारले.

"का म्हणजे? असते," मी म्हणालो, आणि वाकून चपलेची तार घट्ट केली.